मागच्या काट्याचं नाव

राणीचा बाप बिरदेव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठाला उतरायचा आणि पावसाळा तोंडावर आला की परत विट्याच्या पूर्वेला आपल्या माळावर यायचा. बायको, पोरं, कुत्री, कोंबड्या, सगळं बिऱ्हाड घोड्यावर. राणी चौथीत असताना असंच एकदा बिऱ्हाड लादून झालं, आई अंबूबाईनं हाका मारल्या, तर पोरगी चुलतीच्या घरात आतून कडी घालून बसलेली.

"म्या न्हाई येणार. माजी परीक्षा हाय."

बिरदेवनं दार बडवलं, दम दिला, काठी दाखवली. कडी निघाली नाही. शेवटी तो स्वतःशीच हसला आणि मेंढरं हाकत निघून गेला. त्या सालापासून राणी चुलतीकडं राहून शिकली.

तीच राणी पुढं सांगलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका साखर कारखान्यात नोकरीला लागली. सातारा आणि सांगलीच्या शिवेवरचा, नदीकाठचा कारखाना. मधल्या काळात तिचं लग्न झालं, पोरगी झाली. नवरा तानाजी कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामावर. विट्याकडची निम्मी घरं अशीच चालतात, माणूस यात्रेला आणि दिवाळीला दिसतो. राणी विट्यातून कारखान्याच्या बसनं यायची-जायची.

कॉम्प्युटर खात्याचे मुख्य होते बाळासो. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनीच राणीला तिथलं युनिक्स यंत्र शिकवलं. यंत्र जुनं, कपाटाएवढं, पंख्यांचा घोंघाट करणारं. कारखान्यात नंतर कितीतरी नवे संगणक आले, पण उसाचं वजन याच यंत्रावर चालायचं, कारण ते बंद पडायचं नाही आणि त्याला हात लावायची कुणाला हिंमत नव्हती.

या यंत्राला डिस्का, टेप, छपाईयंत्रं आणि उसाचे दोन वजनकाटे जोडलेले होते. जोडलेल्या प्रत्येक वस्तूला यंत्र एक नाव देतं. वजनाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती वस्तू कुठल्या खाचेत बसवलीय, कुठल्या वायरीवर आहे याच्याशी काही घेणं नसतं. तो नुसती नावानं हाक मारतो, आणि नावामागं जी वस्तू असेल ती उत्तर देते. कुठलं नाव कुठल्या वस्तूचं, हे यंत्र आपल्या एका नोंदसाठ्यात सांभाळून ठेवतं. त्याला डेटाबेस म्हणायचं. वीज गेली, एखादं कार्ड जळलं, वायर दुसरीकडं खोचली, की या डेटाबेसात घोळ होतो. वस्तू गेलेली असते, पण तिचं नाव लटकत राहतं. नाहीतर नवी वस्तू येते आणि तिला नावच नसतं.

राणीचं रोज सकाळचं पहिलं काम तेच. चप्पल बाहेर काढायची, तपासणीची आज्ञा द्यायची, प्रत्येक नावामागं वस्तू आहे का, प्रत्येक वस्तूला नाव आहे का, डेटाबेस आणि त्याची राखीव प्रत जुळते का, हे बघायचं. एकदा वळवाच्या पावसात वीज पडून कार्ड जळालं, तेव्हा यंत्र स्वतःच दुरुस्ती करायला निघालं होतं. बाळासोंनी तिचा हात धरला होता. "थांब. त्याला न्हाई कळत काय मेलंय आन् काय नुस्तं झोपलंय. एकेक नाव बघ, मग हात लाव." दोघांनी बसून एकेक नाव तपासलं होतं. यंत्राच्या भाषेत ती नावं म्हणजे रुक्ष अक्षरं आणि आकडे; आपसांत मात्र दोघं काट्यांना 'पुढचा' आणि 'मागचा' म्हणत.

पुढच्या काट्यावर ट्रक यायचे. मागच्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, म्हणजे बारक्या शेतकऱ्यांचा माल. दोन्हींचं वजन वाचणारे डबे वजनमापे खात्याच्या शिक्क्यानं सीलबंद होते.

आणि टेंभू योजनेचं पाणी माळावर आल्यापासून या बारक्या शेतकऱ्यांत बिरदेवही होता. जिथं बाभळ सुद्धा खुरटायची तिथं त्यानं दीड एकर ऊस लावला. मेंढरं मात्र मोडली नव्हती.

गोष्ट घडली त्या हंगामाच्या आधी कारखान्यात नवे संचालक आले होते, वीरधवल. चेअरमनचा मुलगा, पुण्याला शिकलेला, बोलायला गोड. त्यांनी मागच्या काट्याला आणखी एक डबा जोडून घेतला. म्हणाले, राखीव राहू दे, एक बिघडला तर दुसरा. वजन करायची फळी एकच, पण आता तिच्यावरचा भार दोन डबे वाचणार होते. राणीनं नव्या डब्याला नवं नाव दिलं. त्याच्यावर सरकारी शिक्का नव्हता, पण राखीव म्हटल्यावर तिनं फार मनावर घेतलं नाही.

गाळप सुरू झाल्यावर वीरधवल एका दुपारी कॉम्प्युटर खात्यात आले, खुर्ची ओढून बसले.

"राणीताई, दोन नावांची अदलाबदल करता येते म्हणे तुमच्या यंत्रात."

"येती की."

"मग मागच्या काट्याचं नाव त्या राखीव डब्याला द्या. आणि राखीवचं नाव जुन्या डब्याला. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. पावतीवर काट्याचा नंबर तोच, बाहेरच्या पाटीवर आकडा येतो तोही तसाच येईल."

राणीनं विचारलं, "कशापायी?"

"तो नवा आहे. जास्त चांगला आहे."

"मग त्याला सील करून घ्या. मी लगेच बदलते."

वीरधवल हसले. बाळासो मान खाली घालून टेबलावरची धूळ पुसत होते. "सील वगैरे होईल सावकाश. आणि हे बघा, मधे कधी भरारी पथक आलं, तर गेटवरून फोन येईल. फोन आला की नावं परत होती तशी करायची. पथक गेलं की पुन्हा. एका ओळीचं काम आहे, नाही का हो बाळासो?"

बाळासो टेबल पुसत राहिले.

राणीला समजायला आता काही उरलं नव्हतं. सील नसलेला डबा वजन कमी दाखवत होता, आणि तो सच्च्या डब्याच्या नावानं बोलणार होता. काटा मारतात हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पारावर, यष्टीत, लग्नाच्या पंगतीत. तो असा मारता येतो हे तिला त्या दुपारी कळलं, आणि मारणारा हात आपला असावा अशी त्यांची इच्छा आहे हेही.

"दादा, म्या हे करणार न्हाई," ती म्हणाली.

"ताई, तुमच्या वडलांचा ऊस आहे ना टेंभूच्या पाण्यावर? त्यांची तोड लवकर लावू. चिटबॉयला आजच तोडीची चिठ्ठी काढायला सांगतो."

"त्यांची तोड नंबरानं येऊ द्या. आन् नाव हाय तिथंच राहील."

वीरधवल उठले. जाताना बाळासोंच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पुढं काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी राणीनं नेहमीची तपासणी केली. यंत्र म्हणालं, सगळं ठीक. प्रत्येक नावामागं वस्तू होती, राखीव प्रतही जुळत होती. दुसरं कुणी असतं तर चहाला गेलं असतं. पण नावांची रीतसर अदलाबदल केली तर यंत्राला त्यात वावगं काही दिसत नाही. डेटाबेस स्वतःशी जुळतोच. नावामागं एखादी वस्तू आहे एवढंच ते बघतं, ती कुठली असायला हवी हे माणसानं बघायचं. राणी रोज बघायची. मागच्या काट्याचं नाव आज ज्या जोडणीवर होतं ती नव्या डब्याची होती.

तिनं मागं वळून बघितलं. बाळासो नुकतेच आले होते, जेवणाचा डबा खुंटीला अडकवत होते.

"सर, तुमी केलं?"

"माजी दोन वर्सं ऱ्हायलीत राणी."

"मला तुमीच शिकवलंत, एकेक नाव बघ म्हणून."

"तवा येगळं हुतं." त्यांचा आवाज चिडलेला होता, पण चीड कुणावर हे त्यांनाही कळत नसावं. "तू नगं बघूस. तपासणी ठीक म्हंती का न्हाई? झालं तर मग."

"म्या नाव परत लावते. तुमच्या म्होरं लावते. नंतर म्हणू नका, चोरून केलं."

तिनं ती एक ओळ टाईप केली आणि नाव जिथलं होतं तिथं गेलं. बाळासोंनी तिला अडवलं नाही. ती उठली, चप्पल पायात सरकवली आणि थेट मागच्या काट्यावर गेली.

सकाळची गर्दी होती. काटा करून झालेले ट्रॅक्टर ऊस टाकायच्या गव्हाणीकडं रिकामे व्हायला रांगेत उभे, धुराड्यातून काळा धूर, उसाच्या रसाचा आंबूस वास. रांगेत सगळ्यात पुढं शिराळ्याकडचा दादासो आपल्या ट्रॅक्टरवर बसून तंबाखू मळत होता. त्याचा स्वतःचा ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, आणि सगळ्या आवारात ओळखला जाणारा आवाज.

राणी त्याला म्हणाली, "दादा, ट्रॅक्टर मागं घ्या. परत काटा करायचाय."

"का बरं? पावती मिळाली की."

"ती पावती खोटी हाय. आता खरी मिळंल."

दादासोनं तिच्याकडं नीट बघितलं. खाली उतरला नाही, काही विचारलं नाही, ट्रॅक्टर वळवला. दोन ट्रॉल्यांचं ते धूड मागं घेता घेता सगळ्या रांगेची बोंब झाली, शिव्या आल्या. काट्यावर चढल्यावर बाहेरच्या पाटीवर आकडा उमटला. दादासोनं खिशातली पावती काढून आकड्याशी धरली. एका खेपेला टनाच्या वर फरक.

त्यानं ती पावती मागच्या ट्रॅक्टरवाल्याला दिली. त्यानं त्याच्या मागच्याला. शिव्या थांबल्या, आणि एकेक ट्रॅक्टर वळायला लागला.

दुपारी राणीला वरच्या केबिनमध्ये बोलावलं. वीरधवल यांचा गोडवा आता ओसरला होता.

"तुम्ही विनापरवानगी यंत्रात ढवळाढवळ केली."

"केली."

"पासवर्ड द्या."

"देते. तो कारखान्याचा हाय. पण नाव कुनी बदललं आन् का बदललं, ते बी त्याच्याबरोबर सांगते. सगळ्यांना सांगते."

तिला निलंबनाचा कागद मिळाला. ती बस सुटायची वाट बघत थांबली नाही, हमरस्त्यापर्यंत चालत आली आणि यष्टीनं घरी गेली.

यानंतर त्रास सुरू झाला तो बिरदेवच्या रानात. त्याच्या भाऊबंदांच्या तोडी आल्या, शेजारच्या वावरात ऊसतोड्यांची टोळी उतरली, खोपटी उभी राहिली, तोड संपून टोळी पुढंही गेली. बिरदेवचा ऊस उभाच. तुरे यायला लागले. बिरदेव चिटबॉयकडं गेला. तो ओळखीतलाच पोरगा, खाली बघत म्हणाला, "आबा, वरनं सांगनं हाय. ताईनं माफीनामा लिवून दिला की दुसऱ्या दिवशी टोळी येती."

तानाजीचा कोइमतूरहून फोन आला. त्याला सगळं गावातल्यांकडून कळलं होतं. "राणी, एक कागुद तर हाय. लिवून टाक. आन् न्हाई जमत तर हिकडं ये, पोरीला घिऊन. आपलं कुटं अडलंय."

"म्या काय चुकले ते सांगा, मग लिवते."

मग तो म्हणाला, "बरं. यात्रेला येतो तवा बोलू," आणि पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

राणी पोरीला घेऊन माहेरी गेली. बापाच्या नजरेला नजर द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. आपण ताठ राहिलो, आणि वाळायला लागला तो त्याचा ऊस. वस्तीवर पोचली तर बिरदेव कोयत्याला धार लावत बसलेला आणि अंबूबाई परातीत भाकऱ्यांची चळत रचत होती.

"आबा, म्या जाते उद्या. देते लिवून," राणी म्हणाली.

बिरदेवनं धारेवरून अंगठा फिरवला. "कडी लावून बसलीस तवा न्हाई उघडलंस, आन् आता उघडतीस व्हय? ऊस माजा हाय. त्याचं काय करायचं ते म्या बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाऊबंद आले. बायका आल्या, माळावर मेंढरं वळणारे पोरगे आले. कारखान्याच्या टोळीविना दीड एकर ऊस त्यांनी तोडायला घेतला. कुणाला सवय नव्हती, पाचटानं हात-मानेवर ओरखडे उठले, कोयते वाकडे पडत होते, पण कुणी थांबलं नाही. शिराळ्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्याशी दादासोनं बोलून ठेवलं होतं. त्याचाच ट्रॅक्टर माल न्यायला आला. मागं पडलेल्या उसाच्या शेंड्यांवर, हिरव्या वाड्यावर, बिरदेवनं आपली मेंढरं सोडली. अख्खा कळप उसाच्या रानात पसरलेला बघून रस्त्यानं जाणारा चिटबॉय मोटारसायकल थांबवून उभा राहिला. बिरदेवनं बांधावरूनच त्याला सांगितलं, "जा, सांग सायबाला. ऊस मेंढरांनी खाल्ला म्हणावं."

कारखान्याएवढा दर गुळाला मिळाला नाही. बिरदेवनं ती गोष्ट काढली नाही आणि राणीनंही.

खातेचौकशीची तारीख आली. चौकशी करायला सांगलीहून वकील आले होते, धैर्यशील नावाचे. वरच्या मजल्यावरची खोली, बंद दार, एका बाजूला वीरधवल, एका बाजूला बाळासो.

वकिलांनी विचारलं, "वरिष्ठांच्या आदेशाशिवाय तुम्ही यंत्रातल्या नोंदी बदलल्या, हे खरं आहे?"

"खरं हाय. पुन्हा तसंच दिसलं तर पुन्हा बदलीन."

"म्हणजे आरोप मान्य?"

"केलं ते मान्य हाय. गुन्हा हाय का न्हाई, ते हितं न्हाई ठरायचं. यंत्र खाली हाय, काटा खाली हाय, ज्यांचा ऊस गेला ती मान्सं खाली हायत. चौकशी काट्यावर घ्या."

"असं करता येत नाही."

"मग म्या बी हितं बसत न्हाई."

ती उठून बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. आत जाणार नाही, घरीही जाणार नाही. शिपाई दोनदा बोलवायला आला. तिनं मान हलवली.

व्हरांडा मागच्या काट्याच्या बरोबर वर होता. खाली दादासोनं मान वर करून विचारलं, "काय झालं ताई?"

"दार लावून चौकशी चाललीया."

दादासो काट्याच्या लोखंडी फळीवर चढला आणि मधोमध मांडी घालून बसला. दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता सगळी फळी माणसांनी भरली. बैलगाडीवाल्यांनी बैल सोडून वैरण टाकली. पुढच्या काट्यावरचे ट्रकवालेही उतरून आले. गव्हाणीत ऊस पडायचा थांबला, आणि कारखान्याची मिल रिकामी फिरायला लागली की तो आवाज सगळ्या आवाराला कळतो. चीफ केमिस्ट धावत वर आला, रस तुटला तर तो आटवायचे पॅन थंड पडतील म्हणून ओरडायला लागला.

वीरधवल व्हरांड्यात आले. "त्यांना उठायला सांगा."

"म्या बसवलेलं न्हाई. तुमीच जाऊन सांगा."

ते खाली गेले नाहीत. दुपारी वकील उतरले, काट्याच्या केबिनमध्ये बसले, आणि दार उघडं ठेवलं. राणीनं पडद्यावर तीन नावं दाखवली आणि प्रत्येकामागची जोडणी. दाराशी माणसं एकावर एक वाकून बघत होती. वकिलांनी विचारलं, अदलाबदल कुणी केली? राणीनं बाळासोंकडं बघितलं नाही. तिला त्यांचं नाव घ्यायचं नव्हतं. ते त्यांनी स्वतः घ्यावं असं तिला वाटत होतं, आणि नाही घेतलं तर ती घेणार होती. तेवढ्यात बाळासो म्हणाले, "मी. सांगितलं म्हणून." कुणी सांगितलं, हे मात्र त्यांनी उच्चारलं नाही.

नवा डबा त्याच दिवशी वायरीसकट उचलला गेला. कारखान्यानं पत्रक काढलं की तांत्रिक बिघाड होता, तो दूर केला आहे. वीरधवल आजही संचालक आहेत. बिरदेवचा ऊस पुढच्या हंगामात कारखान्यानं नोंदवून घेतला नाही. तो दुसऱ्या कारखान्याला जातो. बाळासो मुदतीआधीच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी राणी त्यांना भेटली, पाया पडली, आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली. त्यांना पुरतं माफ करणं तिला जमलेलं नाही, आणि माफ केल्याचं दाखवणंही जमत नाही.

निलंबन मागं घेतलं गेलं, पण मधल्या दिवसांचा पगार देताना माफीची एक ओळ लिहून मागितली. तिनं पगार सोडला.

आणि एक नवी गोष्ट तिनं सुरू केली. आवारात गाड्यांचे नंबर पुकारायला भोंगा आहे. सकाळची तपासणी झाली की राणी काट्याच्या केबिनमध्ये जाते आणि माईक हातात घेते.

"पुढच्या काट्याच्या नावामागं शिक्क्याचा डबा हाय. मागच्या काट्याच्या नावामागं शिक्क्याचा डबा हाय. तिसरं कंचंबी नाव न्हाई."

पहिल्या आठवड्यात वरून निरोप आला, हे बंद करा. तिनं शिपायाला सांगितलं, लेखी आणा. लेखी काही आलं नाही. रांगेतली माणसं चहा पिता पिता ऐकतात, कुणी ऐकत नाही, कुणी तिची नक्कलही करतं. ती माईक ठेवते, काट्यावरच्या पोरांना पाटी पुसायला सांगते आणि आपल्या यंत्राकडं निघते.